सातव्या भुयारातले टेकू

“कोणाचा विश्वास बसणार नाही, बाईसाहेब, पण सातव्या भुयारात मी स्वतः जाऊन आलोय. गेल्याच महिन्यात.”

सभागृहात मागून कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसलं. पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्याच्या सुनेनं डोळे मिटून घेतले. म्हातारा खाणीच्या दिवेघरात कामाला होता. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला तो एकतीस वर्षं दिवा देत आला आणि दिव्याबरोबर एक थाप फुकट. सगळी वस्ती त्याला बंडलकाका म्हणे.

सकाळीच तिनं त्याला बजावलं होतं. “मामंजी, आज खरं तेवढंच बोला. आज शेवटचा दिवस आहे.”

“खरं बोलणारे सतरा जण झाले,” चपला शोधत म्हातारा म्हणाला होता. “काय दिवे लावले त्यांनी?”

अडीच महिन्यांपूर्वी वस्तीखालची जमीन हादरली होती. सातवं भुयार बसलं आणि म्हाताऱ्याचा मुलगा आत राहिला, असं वस्ती म्हणत होती. कंपनीचं म्हणणं वेगळं. सातवं भुयार नऊ वर्षांपूर्वीच भिंत घालून बंद केलंय, तिथे चिटपाखरू जात नाही आणि मुलगा आदल्या दिवशीच काम सोडून पळाला. लोकांनी खाणीचा नकाशा मागायला तीन अर्ज केले. हातात पडला तो नऊ वर्षांपूर्वीचा, सातव्यावर लाल फुली मारलेला. नवा नकाशा धंद्याचं गुपित आहे, असं लेखी उत्तर आलं. सतरा कामगारांनी शपथेवर सांगितलं की आम्ही सातव्यात राबलोय. कंपनीच्या वकिलानं सतरा वेळा एकच विचारलं, कागद आहे? तो कुणाकडेच नव्हता.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी आज भुयार उघडायचा हुकूम दिला नाही, तर सोमवारी त्याच्या तोंडावर काँक्रीट ओतलं जाणार होतं. आणि सुनेचा नवरा कायमचा पळपुटा ठरणार होता.

समोरच्या टेबलाशी खाणीचा मॅनेजर बसला होता. कामगार त्याला मोजपट्टी म्हणत, कारण ती सदैव त्याच्या खिशात असे. दाराची चौकट बोटभर तिरकी दिसली, तरी हा माणूस सुताराला माघारी बोलावी. आपण चार वर्षांपूर्वी इथे रुजू झालो, सातवं भुयार कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नाही, असं त्यानं सकाळी शांतपणे शपथेवर सांगितलं होतं. कारकुनानं खाणीची खोली एकशे चाळीस मीटर वाचली, तेव्हा मात्र तो मध्येच बोलला होता. “एकशे बेचाळीस.”

वकील उठला. “आजोबा, वय काय आपलं?”

“चौऱ्याहत्तर. गुडघे मात्र साठीचे आहेत.”

“आणि उतरलात कसे?”

“हवेच्या भोकातून. सुनेची दोन लुगडी बांधली एकाला एक आणि लोंबकळत गेलो.”

झालं, गाडी सुटली. खाली पोचल्यावर त्याला म्हणे मांजराएवढा उंदीर भेटला. दिवेघरातली जुनी ओळख, त्यानंच वाट दाखवली. भिंतीला गुलाबी रंग दिलेला होता. एका कोपऱ्यात आरामखुर्ची होती, तिच्यात म्हाताऱ्यानं घटकाभर डुलकीही काढली. सभागृह खदखदू लागलं. वकिलानं प्रश्न विचारायचं सोडून दिलं आणि पाय लांब केले. असा साक्षीदार त्याला पैसे मोजूनही मिळाला नसता.

सून उठून म्हाताऱ्याजवळ गेली. आवाज तिनं खाली ठेवला, पण पहिल्या रांगेला ऐकू गेलंच. “बसा खाली. तुमचा पोटचा मुलगा गेलाय आणि तुम्ही इथे तमाशा मांडलाय. घरी यायची गरज नाही आता.”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. आपला वेळ वाया चाललाय, साक्ष इथेच थांबवू, असं त्या म्हणाल्या.

“एक मिनिट, बाईसाहेब. टेकूंचं सांगतो आणि बसतो.” म्हाताऱ्यानं चष्मा नाकावर चढवला. “एवढं मोठं भुयार, पण छताला आधार काय, तर लाकडी वासे. सगळे वाकडेतिकडे, एकाची उंची दुसऱ्याला नाही. दोघांत कुठे दोन हात अंतर, कुठे पाच. एकाखाली तर वीट सारलेली. मी नुसता शिंकलो, तर तीन हलले.”

हशा पिकला. मॅनेजरचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

“गोठ्यालासुद्धा कुणी असे टेकू देत नाही,” म्हातारा सांगत होता. “ज्यानं ते उभे केले ना, त्याच्या हाती मोजपट्टी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आंधळ्यानं चाचपडत लावले असते, तर सरळ लागले असते.”

आता लोक म्हाताऱ्याला हसत नव्हते. मागच्या रांगेतले कामगार एकमेकांना कोपरं मारत मॅनेजरकडे पाहत होते. त्याचे कान लाल झाले. वकील अजून पाय लांब करून हसतच होता.

मॅनेजर उभा राहिला.

“थापा मारतोय हा,” तो म्हणाला. “तिथे लाकडाचा एक तुकडा नाही. लोखंडी टेकू आहेत, चौतीस, दर सव्वा मीटरवर एक, आणि त्यातला प्रत्येक मी स्वतः मोजून उभा करून घेतलाय.”