दादाची उशी

मी दादाची झोप चोरली. तो अजून घोरतोय, तेव्हा चोरी झालीच नाही, असं आईने जाहीर केलंय. साथीमुळे थिएटर बंद पडलं, तिकिटं फाडणाऱ्या दादाची नोकरी गेली आणि झोप उडाली माझी. माझा पगार शाबूत. पण पगाराआधी हप्ते दारात उभे. दादा मात्र जेवला की घोरायचा. जळफळाटाने मी दुपारी उशा बदलल्या. तो माझ्या उशीवरही घोरला. त्याच्या उशीवर मी टक्क जागा. त्याला उठवलंच. “दादा, उशीत काय भरलंयस?” “कापूस.” “मग झोप कशी लागते?” “पगारातून आधी थोडे बाजूला काढायचो. वर्षभराचं भाडं साठलंय. तुझं?” मी हप्त्यावर घेतलेल्या ट्रेडमिलवर वाळणारे टॉवेल पाहिले. “घाबरू नकोस, हप्ते मिळून फेडू.” तो पुन्हा घोरला. चांगुलपणातही तोच पुढे! सबब, दादालाही किमान एक काळजी मंजूर करावी, ही नम्र विनंती.