निळ्या पेन्सिलीच्या रेघा

माधुरीचं पत्र येऊन पावसाळा गेला, दिवाळीही गेली, पण राधाकृष्ण यांच्या हातून उत्तर काही लिहून झालं नव्हतं. पत्रात एवढंच विचारलं होतं : ‘काका, वेबसाइटचा नमुना आधी कागदावर काढावा की थेट कॉम्प्युटरवर करावा? बाबा असते तर त्यांनाच विचारलं असतं.’

तिचे बाबा म्हणजे भीमराज. नगरच्या प्रेसमध्ये जाहिरातीचं पान भीमराजनं आखायचं आणि राधाकृष्ण यांनी त्यावर अक्षरं चिकटवायची, असा दोघांचा जन्म गेलेला. आखणारा गेला. चिकटवणाऱ्यानं काय सांगायचं?

म्हणून आज ते केडगावला तिच्या कॉम्प्युटरच्या दुकानी आले होते. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुठ्ठा होता. तो द्यायचा, बाबांच्या हातचा आहे म्हणायचं आणि निघायचं. उत्तर टळलं असतं.

“अगं बाई, काका! मला वाटलं, पत्रावरून रागावलात की काय.”

“रागवायला काय झालं,” असं पुटपुटत ते बाकाच्या उजव्या कडेला टेकले. माधुरीचा भाऊ सम्राट शेजारी बसायला आला, तशी त्यांनी एकदम हात आडवा केला. “तिथं नको, बाळा.”

बोलून गेल्यावर तेच ओशाळले. भीमराज डावखुरा. कोपराला कोपर लागू नये म्हणून तो कायम डावीकडे बसे. घरच्या टेबलाचाही डावा भाग राधाकृष्ण अजून रिकामा ठेवत.

सम्राट हसला नाही. “बसू द्या बाबांना,” म्हणाला आणि स्वतःसाठी स्टूल ओढलं.

सोमवारी सोनईचे आबासाहेब येणार होते. त्यांच्या रोपवाटिकेची वेबसाइट हे बहीणभावांचं पहिलं मोठं काम. दोनदा मॉनिटरवर नमुना दाखवून झाला होता आणि दोन्ही वेळा सगळी दुपार हिरवा कुठला घ्यायचा, यातच गेली होती. रोपं कुठे, भाव कुठे, फोन कुठे, यावर अवाक्षर नाही. सोमवारीही तेच झालं, तर काम पुण्याला देऊ, असं ते सांगून गेले होते.

“आता ताईला पेन्सिलीनं काढून दाखवायचंय,” सम्राट म्हणाला. “नव्व्याण्णव साल संपत आलं, काका! मी म्हणतो, सरळ पान बांधून टाकू. चालतं-बोलतं पान बघितलं की त्यांचं तोंड बंद.”

“तोंड बंद करायचंय की काम करायचंय?” माधुरी म्हणाली. “काका, तुम्ही सांगा.”

दोघं त्यांच्याकडे बघत राहिले.

“मला काय कळतंय त्यातलं,” ते म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठा पुढे केला.

एका बियाण्यांच्या दुकानाची जुनी जाहिरात होती ती, छपाईला जाण्याआधीची. पिवळ्या पडलेल्या कागदावर काळी अक्षरं चिकटवलेली. त्यांच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना तेवढंच दिसत होतं. माधुरीनं पुठ्ठा दोन्ही हातांनी घेतला आणि स्कॅनरवर पालथा ठेवला.

यंत्र घरघरलं. पडद्यावर चित्र वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरू लागलं. आधी काळं. सम्राटनं रंग गडद केले, तसं काळ्याच्या खालून निळं वर आलं.

राधाकृष्ण पडद्याजवळ सरकले. फिकी निळी पेन्सिल! छपाईआधी पानाचा फोटो घेणाऱ्या प्रेसच्या कॅमेऱ्याला ती दिसत नसे, म्हणून आखणी निळ्यानंच करायची. छापताना ती आपोआप नाहीशी होई. ती गेली, असंच ते धरून चालले होते. आणि आता त्या तिरक्या, डाव्या हाताच्या रेघा एकामागून एक अशा येत होत्या, जणू कोणी ह्याच क्षणी ओढत असावं.

बाकाची डावी बाजू करकरली. तिथे कोणी नव्हतं.

“ह्या तिरक्या बाबांच्या,” माधुरी पडद्यावर बोट ठेवत म्हणाली. “पण ह्या सरळ कुणाच्या?”

जवळजवळ प्रत्येक तिरक्या रेघेवर फुली होती आणि शेजारी एक सरळ रेघ. दुकानाचं नाव खाली आणलेलं, भावाची चौकट उजवीकडे सरकवलेली. काळी अक्षरं चिकटली होती ती सरळ रेघांवर.

राधाकृष्ण बघत राहिले. ‘हे इथं, ते तिथं’ असा भीमराजचा खणखणीत आवाज त्यांना आजही ऐकू येई. आपण तेव्हा काय बोलत होतो, ते मात्र आठवेना.

“माझ्या,” ते म्हणाले. ऐकायला सम्राटला वाकावं लागलं.

“बाबा घरी म्हणायचे,” माधुरी म्हणाली, “मी नुसतं मांडतो. जागेवर बसवतो तो राधाकृष्ण.”

ते उठले. “येतो,” एवढंच म्हणून पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी उन्हं खिडकीत आल्यावर त्यांनी एक पोस्टकार्ड टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि तीच फिकी निळी पेन्सिल घेतली. रेघ त्यांना नीट दिसत नव्हती, पण हाताला ती ठाऊक होती. इथे नाव, इथे रोपं, इथे फोन. खाली लिहिलं : ‘पोरी, आधी कागदावर. पक्कं काळं दिसलं की माणूस रंगाचं बोलतो, कच्चं निळं आहे तोवर जागेचं.’ कार्डाच्या डाव्या कडेची रेघ तेवढी तिरकी आली. खोडरबर उचललं, जरा वेळ धरलं आणि परत ठेवून दिलं.

पत्ता शाईनं लिहून ते पेटीपाशी गेले, तेव्हा पोस्टमन भिमाजी टपाल काढून पेटीला कुलूप घालत होता. त्यानं कार्ड हातात घेतलं, उन्हात उलटंपालटं केलं.

“काका, पत्त्याबिगर ह्यात काहीच न्हाई की! कोरंच धाडताय व्हय?”

“लिहिलंय आम्ही,” राधाकृष्ण म्हणाले आणि कार्ड परत घेऊन स्वतःच्या हातानं पेटीत सोडलं.