मेपलखालची जागा

मिसेस ग्रुनेवाल्डनी झुकिनीच्या गोड पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि मधाच्या टेबलाआड उभ्या असलेल्या आर्डिसने श्वास रोखला. वर्षभर ती या एका घासाची वाट पाहत होती.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी बाजार समितीच्या अध्यक्षीणबाई मिसेस ग्रुनेवाल्ड माल चाखतात आणि मेपलच्या सावलीतली जागा पुढच्या हंगामात कुणाची, ते ठरवतात. ती जागा पूर्वी कायम आर्डिसची. गेल्या वर्षी गारांनी तिचे टोमॅटो झोपवले, म्हणून तिने सुपरमार्केटातून एक पेटी आणून मांडली. इथला नियम एकच: आपण पिकवलं तेच विकायचं. एका टोमॅटोवरचं लेबल काढायचं राहिलं. शेजारच्या व्हर्लिनने ते बाईंना दाखवलं. जागा व्हर्लिनला मिळाली, आर्डिसला पिशवी. तेव्हापासून ती बाजारात गिऱ्हाईक म्हणून येते, व्हर्लिनला भाव विचारते आणि "बाप रे" म्हणून पुढे जाते.

उट्टं काढायचं म्हणून यंदा तिने त्याच्या पिकअपमध्ये झुकिनी टाकायला सुरुवात केली. काकडीसारखी ही भाजी ऑगस्टमध्ये परसापरसात इतकी येते, की या गावात झुकिनी कुणालाच नको असते. एरवी घराला कुलूप न लावणारी माणसं या महिन्यात गाडीला लावतात, नाहीतर कुणीतरी मागच्या सीटवर झुकिनीचा ढीग ठेवून पसार होतं. व्हर्लिन मात्र पिकअप उघडीच टाकतो. ओळखू येऊ नये म्हणून आर्डिस दिवंगत नवऱ्याची शिकारीची टोपी घालून जायची. टोपी भडक नारिंगी होती. जंगलात माणूस मैलावरून दिसावा, यासाठीच ती करतात.

पण मेल्याने त्याच झुकिनीचे गोड पाव भाजले. गिऱ्हाइकांची रांग लागली.

मग आर्डिसने ठेवणीतलं काढलं. जागा गेली त्याच आठवड्यात तिने परसातल्या शेवटच्या झुकिनीचं, रंगाच्या ब्रशने पराग लावून, शोभेच्या भोपळ्याशी लग्न लावून दिलं होतं आणि बी धरलं होतं. असल्या बियांची झुकिनी दिसते देखणी, लागते कडूजहर. या आठवड्यात पिकअपमध्ये फक्त तीच गेली. व्हर्लिनला मधुमेह, आपला पाव तो कधीच चाखत नाही.

बाईंचा चेहरा आक्रसत गेला. त्यांनी घास रुमालात काढला आणि शेजारच्या टेबलावरची सफरचंदाच्या रसाची बाटली न विचारता तोंडाला लावली.

आर्डिस पुढे झाली. "काय झालं बाई? कडू लागला? अरेरे! असला माल मेपलखाली शोभतो का?"

"नाही शोभत," बाई जीभ पुसत म्हणाल्या. "मी आहे तोवर तरी ही जागा या मालाला मिळायची नाही."

आर्डिसला नवऱ्याची आठवण आली. हे बघायला तो हवा होता. टोपीसकट.

व्हर्लिन हात पुसत टेबलाबाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता.

"अगं आर्डिस, यंदा जागेसाठी मी उभाच नव्हतो. अर्ज तुझ्या नावाने केला होता. ते लेबल दाखवल्यापासून मला धड झोप नाही. म्हटलं, हिची जागा हिला परत मिळवून द्यावी. भाजलं मी, पण आत दुसऱ्या कुणाची झुकिनी मिसळली नाही. सगळी तुझीच."

"माझीच कशावरून?"

"ती टोपी, आर्डिस. चर्चच्या मनोऱ्यावरूनसुद्धा दिसते."

मधवाला हसला आणि लगेच बरण्या पुसायला लागला.

बाईंनी बाटली खाली ठेवली. "म्हणजे हे तुझं पीक?"

आर्डिसने मेपलकडे पाहिलं. सावली नेमकी टेबलाच्या कडेपर्यंत आली होती. तिने ताटलीतला सगळ्यात जाड तुकडा उचलला आणि सावकाश चावून गिळला. डोळ्यांतून पाणी आलं.

"हो," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला. "आमच्या घरी ही अशीच आवडते."