गरम पाण्याची तक्रार

चौथ्या दिवशीही प्रोफेसरांना पक्षी दिसला नाही आणि नळाला गरम पाणी आलं नाही. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून काउंटरवर आपटली आणि तक्रारवही मागितली. मॅनेजरने ती उघडूनच ठेवली होती. सीझन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि वहीत दुसरा विषयच नव्हता.

"पक्ष्याचं मी समजू शकतो," लिहिता लिहिता प्रोफेसर म्हणाले. "तो काही तुमच्या पगारावर नाही. पण पाणी?"

मॅनेजरच्या खुर्चीमागे त्याच पक्ष्याचा मोठा फोटो टांगला होता. निळं डोकं, विटकरी छाती, घरट्यात अंडी उबवत बसलेला. गेल्या वर्षी एका पाहुण्याने काढला आणि कौतुकाने फ्रेम करून पाठवला. तो फोटो गावोगाव पोचला आणि डोंगरावरच्या या सहा खोल्या कधी नव्हे त्या भरायला लागल्या. माणसं पहाटे उठून रान तुडवायची, चिखलाचे बूट घेऊन परत यायची आणि पक्षी न दिसल्याचा राग नळावर काढायची. चौदा वर्षं इथे काढूनही मॅनेजरने हा पक्षी स्वतः काही पाहिला नव्हता. आधी वेळ मिळाला नाही, मग हौस उरली नाही. आता त्याला पक्षी, पाहुणे, धुकं, सगळ्याचाच वीट आला होता.

स्वयंपाकघर आणि बॉयलर दोन्ही मावशींकडे. सीझनच्या पहिल्याच दिवशी त्या "पेटत नाही" म्हणाल्या होत्या आणि तेव्हापासून शेगडीवर पाणी तापवून बादल्या वाहत होत्या. सहा खोल्या, चाळीस पायऱ्या. गुडघ्याला फडकं बांधलेलं, पण तोंडातून ब्र नाही. त्या पायऱ्या चढताना दिसल्या की मॅनेजर वहीत डोकं घालायचा.

काल मालकांचा फोन आला होता. "शनिवारपर्यंत बॉयलर सुरू झाला नाही, तर बाईंना निरोप द्या. त्यांना झेपत नाही आता."

मावशींना घर असं नव्हतंच. स्वयंपाकघरामागची खोली, तेच घर. मॅनेजर नुसतं "बरं" म्हणाला. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

आज शुक्रवार. दुपारी खालच्या गावातून मेकॅनिक धापा टाकत वर आला. मॅनेजर त्याला घेऊन मागच्या अंगणात गेला. राखेचा ढीग, रिकामे डबे, खरकट्याचं पिंप, त्यापलीकडे बॉयलरची पत्र्याची खोली. या बाजूला पाहुणे कधी फिरकत नसत. गरम पाण्याच्या दोन बादल्या पुढ्यात ठेवून मावशी दाराला पाठ लावून उभ्या होत्या. बाजूला व्हा म्हटल्यावर झाल्या, पण सावकाश.

मेकॅनिकने पाच मिनिटं ठोकठाक केली आणि हात पुसले.

"साहेब, याला धाड भरलेली नाही. पाण्याची चावी कुणीतरी हाताने बंद केलीये. पेटवून दाखवू?"

मॅनेजरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे त्याने लोकांची बोलणी खाल्ली होती, ती यासाठी?

मेकॅनिकने चावी उघडून काडी ओढली.

"नको!" मावशी ओरडल्या. चौदा वर्षांत त्यांचा आवाज एवढा चढलेला मॅनेजरने ऐकला नव्हता.

पुढे होऊन त्यांनी काडी फुंकून विझवली आणि कोपऱ्यात टांगलेली जुनी चादर बोटभर बाजूला केली. धुराचा पाइप भिंतीतून बाहेर जातो, तिथल्या पोकळीत शेवाळाचं घरटं होतं. त्यात बसलेला पक्षी अजिबात हलला नाही. निळं डोकं, विटकरी छाती. मॅनेजरने त्याला लगेच ओळखलं. रोज पाठीशी घेऊनच तर तो बसत होता.

"सीझनआधी आठवडाभर सगळं बंद होतं ना, तेव्हा बांधलं," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "कालच पिल्लं बाहेर आलीत. पंधरा दिवसांत उडतील."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"गेल्या वर्षी सांगितलं होतं, साहेब."

मॅनेजरला आठवलं. व्हरांड्याचा खांब. त्यानेच पाहुण्यांना हाका मारल्या होत्या. शिडी त्यानेच मागवली होती, स्वतः मात्र चढून पाहिलं नव्हतं.

"शिडी मीच धरली होती," मावशी म्हणाल्या. "दोन दिवस फोटो काढले सगळ्यांनी. तिसऱ्या दिवशी पक्षीण घरट्यावर आलीच नाही. चार अंडी होती. गार पडलेली. मीच मातीत पुरली."

मॅनेजरला लाज वाटली, आणि ती नेमकी कशाकशाची हे मोजायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने चादर पुन्हा नीट ओढली.

तेवढ्यात राखेच्या ढिगाला वळसा घालून प्रोफेसर आले. मॅनेजर दोघांना घेऊन बाहेर आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"काय निघालं?"

मॅनेजरने मेकॅनिककडे पाहिलं. "लिहून द्या. पार्ट मिळत नाही, पंधरा दिवस लागतील. मालकांना दाखवायचं आहे. बाईंची काही चूक नाही, हेही लिहा."

मेकॅनिकने एकदा मावशींकडे पाहिलं आणि कानावरचं पेन काढलं.

"कमाल आहे!" प्रोफेसर म्हणाले. "बॉयलर बंद, पक्ष्याचा पत्ता नाही. इथे आहे तरी काय मग?"

"गरम पाणी आहे," मॅनेजर म्हणाला आणि मावशींनी दाराशी ठेवलेल्या दोन्ही बादल्या उचलून पायऱ्या चढायला लागला.