‘अ‍ॅडहिअर’चा धातू

“पंतोजी, ‘अ‍ॅडहिअर’ म्हणजे काय? धातू कोणता?” हरिहरने कागदावर बोट ठेवून विचारलं.

आधी धातू, मग अर्थ, ही सवय मोरोपंतांनीच त्याला लावली होती. अमरावतीच्या कापूसबाजारात नव्या साहेबाला दुभाष्या हवा होता आणि आज गुरू-शिष्य दोघेही उमेदवार होते. शेतकऱ्यांना करार नीट समजावील त्याची नेमणूक. मघापासून साहेब हरिहरशीच बोलत होता. मोरोपंतांकडे वळला तो फक्त पाणी मागायला. तेव्हापासून त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. हात धरून इंग्रजी गिरवायला शिकवलं ते यासाठी?

शब्द लॅटिनातला, ‘हेरेरे’ म्हणजे चिकटणे. हे त्यांना तोंडपाठ होतं.

“आपल्या संस्कृतातलाच ‘हृ’ की रे,” ते म्हणाले. “हरण करणे. हिरावून घेणे.”

हरिहरने मान डोलावली. पंतोजींच्या शब्दावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती.

साहेब खुर्चीत येऊन बसला. शेतकरी गाड्या सोडून पुढे सरकले. हरिहर एकेक वाक्य वाचून त्यांच्याच बोलीत सांगत गेला आणि लोक खुशीत ऐकू लागले. मग तो खणखणीत आवाजात म्हणाला, “भाव आज ठरला, अन् माल घेताना साहेब तो हिरावून घेतीन.”

नत्थुजी पाटील उठले. “मंग आमी काहून थांबून राहिलो इथं? जुपा रे गाड्या.”

सगळेच उठले. साहेब गोंधळला. मोरोपंत याचीच वाट पाहत होते. पुढे होऊन त्यांनी अर्थ दुरुस्त केला: उद्या बाजार पडला तरी साहेब ठरल्या भावाला चिकटून राहतील. नत्थुजी पुन्हा बसले, आणि मोरोपंतांची नेमणूक तिथल्या तिथे झाली.

चूक काय झाली ते मोरोपंतांनी इंग्रजीत सांगितल्यावर साहेबाने हरिहरला विचारलं, तो उलटा अर्थ तुला सांगितला कुणी? मोरोपंतांनी कराराच्या कागदात डोकं खुपसलं.

हरिहरने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं.

“पंतोजींनी बरोबरच सांगितला होता,” तो म्हणाला. “मीच चुकलो.”

बाहेर ऊन रणरणत होतं. हरिहरने रोजच्यासारखी छत्री उघडून पंतोजींच्या डोक्यावर धरली. मोरोपंत भराभर चालू लागले. सावली काही डोक्यावरून हटेना.