परत चुना

"परत चुना मारतोयस?" माझा दोस्त झाकीर म्हणाला. "चित्र काढतोयस की घर भाड्याने द्यायचंय?"

"गप बस."

शाळा सोडली तेव्हापासून मी भिंती रंगवतो. आधी हात सुटायचा, विचारबिचार नसायचा. मग आर्ट कॉलेजात शिकवणाऱ्या सुलभाताई म्हणाल्या, जुनी चित्रं बघ, तुझं काम पक्कं होईल. वर्षभर त्यांच्या घरी पुस्तकं चाळली. आता चौकातली ही एवढी मोठी भिंत मिळालीय. उद्यापर्यंत झालं नाही तर मालक ती दुसऱ्याला देणार. आणि मी बाई काढली की ती अजिंठ्याची होते, घोडा काढला की राजस्थानी. माझं काहीच निघत नाही. म्हणून पुसतोय.

ताई बघायला आल्या तेव्हा माझं टाळकंच सटकलं. "तुम्ही माझ्या डोक्यात एवढी माणसं कोंबलीत, की मलाच आत जागा नाही. आता काढू काय?"

वाटलं, चिडतील. पण त्यांनी ओल्या चुन्याला बोट लावून बघितलं.

"माझंही असंच झालं," म्हणाल्या. "म्हणून तर शिकवायला लागले."

मी ब्रश त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.