जोडलेलं

पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं, तेव्हाच मला कळलं की आता तेच वचन येणार. त्यांच्या शेजारी आमचा जावई बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून. माझ्या रिबेकाला परत न्यायला आला होता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताचं प्लास्टर ओढणीखाली झाकून. तिनं का झाकायचं?

"चुकलो म्हणतोय तो," पाळकसाहेब मला म्हणाले. "रागाच्या भरात हात उचलला गेला. क्षमा करायला नको?"

"उचलला गेला? आपोआप?" मी म्हटलं. "पिरगळला यानं तिचा हात. हाड कडकन मोडलं तरी सोडला नाही!"

"रूथबाई, दोघांनी चर्चमध्ये शपथ घेतलीय. देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये."

जावई मोठ्यानं म्हणाला, "आमेन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "चला, सगळ्यांनी हात जोडा. प्रार्थना करू."

मेल्या सवयीनं माझेही हात जोडले गेले. जावयानं तर कधीच जोडले होते. रिबेका पुढं आली. तिनं ओढणी मागं टाकली आणि प्लास्टरचा हात शास्त्राच्या उघड्या पानावर धपकन ठेवला. पाळकसाहेबांनी दचकून डोळे उघडले.

"मला जोडता येत नाहीत, पाळकसाहेब," ती म्हणाली. "हा हातही देवानंच जोडला होता. तोडणारा माणूस तुमच्या शेजारी बसलाय."